चाबूकस्वार

आडनाव चाबूकस्वार.
बँकेत, दवाखान्यात, पोराच्या शाळेत
कुणीतरी विचारतंच, चाबूक कुठाय?
मी म्हणतो, आजोबांनी मोडला असेल कुणाच्या तरी पाठीवर.
लोक हसतात. मी फॉर्म भरत राहतो.

घोडी आणली शर्यतीच्या गाडीतून सुटलेली.
कुमैत, पुढचा डावा पाय पांढरा,
जीभ मध्यावर चिरून परत जुळलेली,
घाईत शिवलेल्या गोणीसारखी, वाकडी.
विकणारा म्हणाला, तोंडाची कडक हाय,
काटेरी कडियाळ घाला, मग बघा.
मी तोंड उघडून बघितलं.
पुढचे दात आणि दाढा यांच्या मधली
ती मोकळी गुलाबी जागा,
जी बघून कुणा माणसाला पहिल्यांदा वाटलं असेल
की ही लोखंडासाठीच ठेवलीय.

दसऱ्यापर्यंत काहीच केलं नाही.
म्हणजे वैरण घातली, खरारा केला,
रिक्षा लावून रोज पहाटे कृष्णा घाटावर नेली, आणली,
खाजवायची जागा शोधली:
डाव्या कानाच्या मुळाशी, रुपयाएवढी.
समोरचा शमशुद्दीन शिकलगार
तंबोऱ्याच्या भोपळ्याला चपडा लावता लावता विचारायचा,
काय, बसलास का?
नाही, म्हणायचो, अजून उभाच आहे.
दसऱ्याला झेंडूची माळ घातली.
तिने खाल्ली.

मोहरकी मीच वळली, सुताची.
नाकावर येते तिथे धोतराची मऊ पट्टी.
तोंडात काही नाही.
पहिल्यांदा चढवली तेव्हा
ती जबडा आवळून उभी राहिली,
लोखंडाची वाट बघत.
बराच वेळ.
मिरज स्टेशनात एक गाडी येऊन गेली.
मग तिने जीभ बाहेर काढून ओठ चाटले
आणि जांभई दिली,
एवढी मोठी, की मलाही आली.

बसायला लागलो तर वाईट निघाला तो माझा उजवा हात.
ओढलं की दुडकी,
दुडकीत ती माझी हाडं मोजणार;
आणखी ओढलं की मागच्या दोन पायांवर.
आजोबा म्हणे सांगायचे,
रहवाल कुणी शिकवत नाही,
ती घोड्याच्या अंगात झोपलेली असते,
आपण फक्त गोंगाट करायचा नाही.
असं सांगणाऱ्यानं चाबूक कशाला बाळगला,
विचारायचं राहून गेलं.

मार्गशीर्षात एकदा, उसाचा ट्रॅक्टर,
मागे दोन ट्रॉल्या, वर कर्णा लावलेला,
वळणावरून अंगावर आला.
माझ्या हातानं मला न विचारता ओढलं.
आणि तिनं, तोंडात काही नसताना,
तोंड वासून मान वर फेकली,
होती तिथंच जखम चुकवायला.
दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती.
मी दोर सोडला.
सोडला म्हणजे बोटंच उघडली, भीतीनं की कशानं, ठाऊक नाही.
श्वास सोडला, तोही जास्तच.
ती थरथरत उभी राहिली.
उसाची दोन कांडी रस्त्यावर पडली,
ट्रॅक्टर गेला, गाणं बराच वेळ जात राहिलं.

परतताना कधी लागली ते कळलं नाही.
मांड हलेना, टोपी हलेना,
खाली मात्र चार वेगवेगळे पाय.
गल्लीत शिरलो तर शमशुद्दीननं मान वर न करताच म्हटलं,
आज चारही पडले.
इतके दिवस साडेतीन ऐकतोय.

मुलगा विचारतो, मग आपण आडनाव बदलायचं का?
बघू, म्हणतो.

रात्री तळहातावर खडेमीठ घेऊन उभा राहतो.
वाकड्या जिभेनं ती चाटते,
डावीकडचं थोडं नेहमी राहतं.
मी हात फिरवतो.